थंड पाण्याने आंघोळ करायची? आधी पाणी ओळखा

डिसेंबरात हरभऱ्याला ओलित केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. शेतीपंपाची लाईन रात्रीची, म्हणून दोन वाजता उठून पाणी फोडायला जायचं. पाय दांडात असेतोवर बरं वाटतं, विहिरीचं पाणी चक्क कोमट लागतं. धुऱ्यावर चढून उभं राहिलं की तेच ओले पाय पाच मिनिटांत बधिर होतात.

विहीर असो की बोअर, जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. आपल्याकडे विदर्भात ते साधारण २५ ते २७ अंशांच्या आसपास असतं. म्हणून हिवाळ्यात ते ऊबदार वाटतं आणि उन्हाळ्यात गार. तेच पाणी संध्याकाळी ड्रममध्ये भरून अंगणात ठेवलं, तर पहाटेपर्यंत ते हवेच्या मागोमाग उतरतं. आणि इथली हवा किती उतरते? २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. मे महिन्यात याच्या उलट, गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी चटका देतं. तेव्हा ‘थंड पाणी’ म्हणताना कोणतं, ते आधी ठरवा.

मोबाईलवर थंड आंघोळीचे जे फायदे फिरतात, ते बहुतेक थंड देशांतल्या नळांवरचे असतात. नेदरलँड्समध्ये तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची गरम आंघोळ झाली की शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद थंड पाणी, असं महिनाभर. पाणी होतं १० ते १२ अंशांचं. अशा लोकांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. पण आजारी वाटलेले दिवस कमी झाले नाहीत. सर्दी व्हायची ती झालीच, माणसं तरी कामावर गेली. आणि ३० सेकंदवाले व ९० सेकंदवाले यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे उगाच कुडकुडत बसण्यात अर्थ नाही.

तरतरी मात्र खरी. थंड पाणी अंगावर पडलं की शरीर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचं जागं करणारं संप्रेरक सोडतं, झोप उडते, मन जाग्यावर येतं. दुसरा फायदा त्वचेचा. बंबातलं कढत पाणी अंगावरचं तेल काढून नेतं, मग हिवाळ्यात पिंढऱ्या पांढऱ्या पडून खाजतात. ते थांबतं. वजन उतरतं, रोग पळतात वगैरे सांगणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही.

आता सुरुवात. ती दसऱ्याच्या सुमारास करा, पुसात नाही. मी पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं. ऐन थंडीत, रातभर अंगणात राहिलेल्या ड्रमातला मग्गा सरळ डोक्यावर ओतला. श्वास असा अडकला की आवाज फुटेना. आई चुलीजवळून म्हणाली, “काऊन रे, हीव नाई वाजत तुले?” उत्तर द्यायला दम कुठे होता!

हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जोरात असतो. श्वास धापा टाकतो, नाडी आणि रक्तदाब चढतो, मग दोन-तीन मिनिटांत निवळतो. पाच-सहा वेळा सवय झाली की त्याचा जोर निम्म्यावर येतो.

पहिला आठवडा नेहमीच्या कोमट पाण्यानेच आंघोळ करा. शेवटचे दोन मग्गे तेवढे ताज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचे, तेही फक्त पायांवर. दुसऱ्या आठवड्यात पाय, मग हात, मग खांदे. पाणी ओतताना श्वास सावकाश बाहेर सोडा, रोखून धरू नका. सगळं जमतं ते या एका गोष्टीवर. तिसऱ्या आठवड्यात पाठ, आणि डोकं सगळ्यात शेवटी. अर्धा मिनिट पुरे. दुपट्ट्याने अंग खसखसून पुसा, कोरडे कपडे घाला, मगच न्हाणीबाहेर या. बाहेरचं वारं पाण्यापेक्षा जास्त झोंबतं. रातभर गारठलेल्या पाण्याकडे वळायचं तर महिनाभराने. नाही वळलात तरी काही बिघडत नाही.

कोणी करू नये? हृदयविकार असलेले, रक्तदाब ताब्यात नसलेले, थंडीत ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात ते. आणि आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार बराच आहे. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी तिथे अडकतात आणि हाडं फुटल्यासारख्या वेदना सुरू होतात. अशा पोराला “मर्दासारखं थंड्या पाण्यानं धू” म्हणणं म्हणजे त्याला दवाखान्यात धाडणं आहे. कार्तिकातल्या काकड्याला पहाटे जातानाही त्याला कोमट पाणीच द्या.

उन्हाळ्यात हिशेब बदलतो. पारा ४५ वर असताना गार पाणी हवंच, फक्त ते टाकीतलं नको. सकाळी लवकर मोटर लावून बादल्या भरा आणि सावलीत झाकून ठेवा. शेतात कोणी ऊन लागून बरळायला लागलं किंवा पडलं, तर खिशातल्या कांद्यावर विसंबू नका. १०८ ला फोन लावा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. “उन्हातून आल्यावर लगेच पाणी नको” हा घरचा नियम अशा वेळी बाजूला ठेवायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि फवारणीचे दिवस. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. पंप पाठीवरून उतरवला की आधी अंग धुवा, चहा नंतर. पाणी साधं, विहिरीचं. कढत पाण्याने त्वचेतलं रक्त वर येतं आणि औषधाला आत जायला वाट मिळते. साबण भरपूर लावा, केस, कानामागची जागा आणि नखं चोळा. ते कपडे घरच्या धुण्यात भिजवू नका, वेगळे धुवा.