गठ्ठा बांधण्याआधी एक पाकीट उघडून बघा : पहिली जावास्क्रिप्ट लायब्ररी एनपीएमवर टाकणाऱ्यांसाठी

दांडिया बाजारात माझ्या काकांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. बडोद्यात आमच्यासारखी घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती बोलणारी कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे एकच पत्रिका दोन्ही लिप्यांत मागणारं गिऱ्हाईक काकांना नवं नाही. २०१४ मध्ये मी कलाभवनात, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षाला होते. तेव्हा काकांसाठी मजकूर भरायचं एक वेबपान केलं. तारीख इंग्रजी आकड्यांत टाकायची, ती देवनागरी आणि गुजराती आकड्यांत दिसायची. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि गुजराती शून्याचा २७९०, अंतर ३८४. दहाही आकड्यांना तेच अंतर. त्या बेरीज-वजाबाकीच्या तीस-चाळीस ओळी म्हणजे माझी पहिली ओपन सोर्स लायब्ररी, कोणीही आपल्या प्रोजेक्टमध्ये वापरावा असा खुला कोड.

कोड एका संध्याकाळी झाला. तो दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये धड पोहोचवायला शिकायला मात्र मला काही वर्षं लागली. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं सार्वजनिक कोठार, म्हणजे रजिस्ट्री, आणि तिथून पॅकेजं आणणारं, तिथे चढवणारं साधन.

तेव्हा फ्रंट-एंडवाल्यांमध्ये, म्हणजे ब्राउझरात दिसणारी बाजू लिहिणाऱ्यांमध्ये, लायब्ररी आणून देणारं बोवर हे साधन चालायचं. ट्विटरमधल्या मंडळींनी ते २०१२ मध्ये बाहेर आणलं होतं. बोवरच्या नोंदवहीत फक्त लायब्ररीचं नाव आणि तिच्या गिट रेपोचा, म्हणजे कोड आणि त्यातले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साठ्याचा, पत्ता असायचा. एकदा नाव नोंदवलं की पुढे नवी आवृत्ती काढायची म्हणजे गिटमध्ये नवा टॅग लावून पुश करायचा, संपलं. वापरणाऱ्याकडे रेपोच जायचा, म्हणून बिल्ड करून, म्हणजे मूळ कोड जोडून-दाबून, तयार झालेली फाइलसुद्धा गिटमध्ये ठेवावी लागायची. ते मला कधीच आवडलं नाही. एक ओळ बदलली तरी कमिटमध्ये दाबून लहान केलेल्या फाइलचा अगम्य फरक दिसायचा. पण त्यात एक सोय होती: गिटमध्ये दिसतं तेच लोकांना मिळतं.

२०१७ मध्ये बोवर सांभाळणाऱ्यांनीच नव्या प्रोजेक्टसाठी यार्न (पॅकेजं आणणारं साधन) आणि वेबपॅक (फाइली जोडणारं साधन) यांच्याकडे वळा असं सांगितलं. यार्नसुद्धा एनपीएमच्याच रजिस्ट्रीतून पॅकेजं आणतो, म्हणजे लायब्ररी एनपीएमवर नेणं भाग होतं. एनपीएमचं काम वेगळं आहे. पब्लिश म्हटलं की तो तुमच्या मशीनवरच्या फोल्डरमधल्या निवडक फाइलींचा गठ्ठा बांधतो आणि रजिस्ट्रीत चढवतो. गिटमध्ये काय आहे याच्याशी त्या गठ्ठ्याचा थेट संबंध नाही. हे वाक्य मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

बोवर सुटलं या आनंदात मी डिस्ट हे बिल्डचं फोल्डर गिटमधून काढून टाकलं. पॅकेज.जेसन या पॅकेजच्या माहितीच्या फाइलीत फाइल्स या यादीत फक्त डिस्ट लिहिलं. सगळं बरोबर होतं. नेमका त्याच आठवड्यात लॅपटॉप बदलला. रेपो नव्याने क्लोन केला, वाचा फाइलीतली (रीडमी, लायब्ररीची ओळख करून देणारी) एक चूक सुधारली आणि रात्री साडेअकराला एनपीएम पब्लिश मारलं. अधिकचं चिन्ह, लायब्ररीचं नाव आणि पुढे १.०.० अशी ओळ आली. मी शांत झोपले.

सकाळी मैत्रिणीचा फोन. "अगं, इन्स्टॉल होतंय, पण मोड्यूल सापडत नाही म्हणतोय." नव्या लॅपटॉपवर मी बिल्ड चालवलंच नव्हतं, म्हणजे डिस्ट फोल्डरच तिथे नव्हतं. एनपीएमने एका शब्दाची तक्रार न करता उरलेल्या तीन फाइली बांधून पाठवल्या होत्या: पॅकेज.जेसन, वाचा फाइल आणि लायसन्स. माझी लायब्ररी सोडून सगळं पोहोचलं होतं.

मला वाटलं, १.०.० काढून टाकू आणि पुन्हा १.०.० म्हणून चढवू. तसं होत नाही. एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांक, ती आवृत्ती मागे घेतली तरी, पुन्हा मिळत नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली जगभरातली बिल्डं कोसळली. त्यानंतर पॅकेज काढून घेण्यावरच बंधनं आली. आज पहिल्या ७२ तासांत, दुसरं कोणतं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तर काढता येतं, पुढे अटी कडक होतात. त्यामुळे सरळ १.०.१ काढायचं आणि बिघडलेल्या आवृत्तीवर डेप्रिकेट आज्ञेने 'ही वापरू नका' अशी सूचना लावायची. मीही तेच केलं.

ही हकिकत मी काकांना सांगितली. ते पत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. त्यांनी एका बांधलेल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, मधूनच एक पाकीट ओढलं, उघडलं, आतला कागद उलटसुलट पाहिला आणि परत ठेवलं. "प्रूफ तर मी पाच वेळा वाचतो," ते म्हणाले, "पण गिऱ्हाईकाच्या हातात प्रूफ जात नाही, पाकीट जातं."

त्या दिवसापासून मी पाकीट उघडते. एनपीएम पॅक ही आज्ञा तोच गठ्ठा तुमच्याच फोल्डरमध्ये बांधून देते, आणि आजच्या एनपीएममध्ये आत कोणत्या फाइली गेल्या, किती वजनाच्या, ही यादीही दाखवते. यादी पाहून थांबू नका. बाजूला एक रिकामं फोल्डर करा, तो गठ्ठा तिथे इन्स्टॉल करा आणि लायब्ररी वापरून बघा: एकदा रिक्वायरने, एकदा इम्पोर्टने (जावास्क्रिप्टमध्ये लायब्ररी आणायच्या या दोन पद्धती), आणि स्क्रिप्ट टॅगसाठी वेगळी फाइल देत असाल तर साध्या एचटीएमएल पानातही. पाच मिनिटांचं काम आहे. बिल्ड विसरू नये म्हणून पॅकेज.जेसनच्या स्क्रिप्ट्समध्ये प्रीपॅक या नावाखाली बिल्डची आज्ञा लिहा, म्हणजे पॅक किंवा पब्लिशच्या आधी ती आपोआप चालते. आणि फाइल्सची यादी द्याच. ती नसेल तर एनपीएम वगळण्याच्या याद्या बघून बाकी सगळं उचलतो, आणि एखादी पासवर्डवाली फाइल त्या यादीत टाकायची राहिली असेल तर तीही जगासमोर जाते.

दुसरी चूक आवृत्ती क्रमांकाची, आणि ती मला जास्त लागली. तीन आकड्यांचा करार सगळ्यांना पाठ असतो: मोडतोड (आधीचा वापर बंद पडेल असा बदल) असेल तर पहिला आकडा वाढवा, नवी सोय असेल तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा. इन्स्टॉल करताना एनपीएम आवृत्तीच्या आधी टोपीचं चिन्ह (^) लावतो. टोपीसह १.२.३ म्हणजे १.२.३ पासून २.०.० च्या खालचं काहीही चालेल. म्हणजे मी काढलेली १.३.० अनोळखी माणसांच्या प्रोजेक्टमध्ये त्यांनी न मागता जाऊ शकते. २०२१ मध्ये मी पॅकेज.जेसनमध्ये एक्सपोर्ट्स हे कलम, म्हणजे बाहेरून वापरता येणाऱ्या फाइलींची यादी, जोडलं आणि दुसरा आकडा वाढवला. माझ्या दृष्टीने ती सोय होती. पण एक्सपोर्ट्स लिहिलं की त्यात न दिलेल्या आतल्या फाइली बाहेरून इम्पोर्ट करता येत नाहीत. कोणीतरी माझी आतली फाइल थेट वापरत होतं. त्यांचं बिलाचं पान बंद पडलं. त्यांनी फार सौम्य शब्दांत लिहिलं, तरी ते वाचताना माझे हात गार पडले. मोडतोड कशाला म्हणायचं हे वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसून ठरवायचं असतं. शंका असली की मी आता पहिला आकडा वाढवते, किंवा आधी एनपीएमच्या बीटा टॅगवर, म्हणजे चाचणीच्या खुणेखाली, काढते, म्हणजे नुसतं नाव लिहून इन्स्टॉल करणाऱ्याला जुनीच मिळते. शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्तीला टोपी कमी सैल असते, टोपीसह ०.२.३ म्हणजे ०.२.३ पासून ०.३.० च्या खाली, म्हणून सुरुवात ०.१.० ने करणं शहाणपणाचं.

जेएसडेलिव्हर आणि अनपॅकेज ही सीडीएन, म्हणजे वेबपानाला थेट पत्त्यावरून फाइली पुरवणारे सर्व्हर, एनपीएमवरूनच फाइली घेतात, वेगळं काही चढवावं लागत नाही. पत्त्यात आवृत्ती मात्र लिहा, आणि वाचा फाइलीतल्या उदाहरणातही लिहून दाखवा, कारण लोक तेच उचलून चिकटवतात.

नावाचं थोडक्यात सांगते. सगळं इंग्रजीच्या लहान (स्मॉल) अक्षरांत, आणि छोटी सोपी नावं बहुतेक गेलेली. आपल्या खात्याच्या नावाखाली स्कोप, म्हणजे नावाआधी खात्याचं नाव, घेऊन टाका, पण पहिल्या वेळी अॅक्सेस पब्लिक असं सांगावं लागतं, नाहीतर एनपीएम ते खाजगी समजून पैसे मागतो. लायसन्स विसरू नका. ते नसेल तर कोड उघडा दिसला तरी कोणाला वापरायचा हक्क मिळत नाही. मी एमआयटी हे मोकळीक देणारं लायसन्स लावते.

खात्याला दोन टप्प्यांची ओळख लावा, आणि एनपीएमच्या नावाने आलेल्या मेलमधल्या दुव्यावर कधीच लॉगिन करू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांसारखी प्रचंड वापरातली पॅकेजं अशाच एका खोट्या मेलमुळे बाधित झाली. तुमची लायब्ररी लहान असली तरी ती कोणाच्या तरी बिलाच्या पानात चालते आहे.

आणि सगळ्याच्या आधी, ही लायब्ररी हवीच आहे का ते बघा. २०१४ मध्ये सफारीत इंटल, म्हणजे आकडे-तारखा त्या त्या भाषेत दाखवणारी ब्राउझरची सोय, नव्हतं, ते २०१६ मध्ये आलं. आज इंटलच्या नंबरफॉर्मॅटला मराठीचा संकेत दिला की देवनागरी आकडे आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम ब्राउझरच देतो. माझ्या लायब्ररीच्या वाचा फाइलीत आता पहिल्याच परिच्छेदात हे लिहिलं आहे. उरते ती आधीच लिहिलेल्या मजकुरातले आकडे एका लिपीतून दुसरीत नेण्याची गरज, आणि ती काकांच्या छापखान्यात अजून रोज पडते. त्यांच्या पानावर आवृत्ती पक्की लिहिलेली आहे, आणि ती बदलायची असली की मी आधी त्यांच्याच संगणकावर एक पत्रिका भरून बघते.