क्लबचा रिव्ह्यू मोंढ्यातल्या पट्टीसारखा लिहा

खताच्या किंवा बियाण्याच्या कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं की आमच्या जालना-लातूरकडचा कृषी सेवा केंद्रवाला थायलंडला जातो. आल्यावर घरी बुद्धाची मूर्ती, कोरल आयलंड आणि हत्ती यांचे फोटो दाखवतो. पट्टायाच्या वॉकिंग स्ट्रीटवर, बायका नाचतात त्या गो-गो बारमध्ये काढलेली रात्र मात्र परतीच्या विमानातच, आवाज बारीक करून सांगून संपवलेली असते.

तिथं जावं की नाही, हे ज्याचं त्यानं बघावं. माझी तक्रार वेगळी आहे. जाऊन आलेले लोक नेटवर जे लिहितात, ते वाचून पुढच्याला काही म्हणजे काही कळत नाही. एक लिहितो ‘फुल्ल मजा’, दुसरा लिहितो ‘सगळे चोर’. पैसे किती गेले आणि कशापायी गेले, याचा पत्ता दोघांकडेही नाही. हीच माणसं मोंढ्यात सोयाबीन घातलं की वजन, भाव, हमाली, तोलाई ओळीनं तपासल्याशिवाय पट्टी खिशात घालत नाहीत. रिव्ह्यूही तसाच लिहायचा.

आधी चिठ्ठ्या सांभाळा

तिथल्या गो-गो बारमध्ये तुमच्यासमोर एक छोटा पेला ठेवतात. प्रत्येक ड्रिंकची चिठ्ठी गुंडाळून त्यात खोचली जाते. बहुतेक जण त्या चिठ्ठ्या उठताना एकदमच बघतात आणि मग भांडण होतं. दर वेळी नवी चिठ्ठी आली की उलगडून बघा. निघताना मागून घ्या आणि फोटो हॉटेलवर जाऊन काढा. आत मोबाइल बाहेर काढायचा नाही; जवळपास सगळीकडे बंदी असते, आणि ती योग्यच आहे.

सोबत वार, वेळ आणि गटात किती जण होते, हे टिपून ठेवा. मंगळवारी आठ वाजता दोघे गेलेल्यांचा अनुभव शनिवारी बारा वाजता गेलेल्या दहा जणांच्या कामाचा नाही.

मग पैसे, ओळीनं

खरा रिव्ह्यू इथंच आहे, त्यामुळे हात आखडू नका. दारात प्रवेश फी होती का? बसायचं तर किमान एक ड्रिंक घ्यावंच लागतं का? बिअर कितीला, साधं पाणी कितीला? मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली तर सर्व्हिस चार्ज आणि 7 टक्के व्हॅट वरून लागतो, तेही लिहा. रक्कम बाटमध्येच लिहा. रुपयाचा दर रोज बदलतो.

‘लेडी ड्रिंक’ हा प्रकार नवख्याला ठाऊक नसतो. नाचणारी बाई शेजारी येऊन बसली आणि तिच्यासाठी ड्रिंक मागवलं, तर ते आपल्या बिअरपेक्षा महाग लागतं. त्यातला काही भाग तिला मिळतो. म्हणजे ती नुसती दारूची किंमत नसते, तिच्या वेळेचीही असते. आपल्याकडे कला केंद्रात बैठकीचे पैसे ठरलेले आणि दौलतजादा निराळी, हे ज्यानं पाहिलंय त्याला हा हिशोब पटकन कळेल. रिव्ह्यूत दोन्ही आकडे वेगळे हवेत.

आणि ती घंटा! बारमध्ये टांगलेली असते. आमच्या गटातल्या एका दुकानदारानं आत शिरताना देवळातल्यासारखी वाजवली. तिथं तिचा अर्थ ‘आज सगळ्यांना माझ्याकडून ड्रिंक’ असा होतो. पुढच्या दोन हंगामांत त्यानं ती गोष्ट कुणाला सांगू दिली नाही. घंटा कुठे आहे, तिच्यावर पाटी आहे का, हे लिहिलंत तर कुणाचं तरी घर वाचेल.

मुलाकडे अमेरिकेला गेलेल्यांनी हीच पट्टी तिथं लावू नये. तिकडे स्ट्रिप क्लबात बहुधा दारात कव्हर चार्ज, म्हणजे प्रवेश फी असते आणि खासगी नाचाचा दर गाण्यावर चालतो. म्हणून दरासोबत गाणं किती मिनिटांचं होतं हेही हवं. लास वेगासमध्ये पूर्ण नग्न नाच असलेल्या बहुतेक क्लबांत दारू मिळत नाही. अनेक ठिकाणी नाचणाऱ्या बाईलाच रात्रीची फी क्लबला भरावी लागते, त्यामुळे टिप ही वरकड मेहेरबानी नसून तिची कमाई असते.

तुम्हाला तिथं नेलं कुणी?

हे लपवू नका. गाइडनं, टुकटुकवाल्यानं किंवा टॅक्सीवाल्यानं नेलं असेल तर त्याला क्लबकडून कमिशन मिळालेलं असू शकतं. फुकट ड्रिंक मिळालं असेल, तर तेही सांगून टाका. बँकॉकच्या पॅटपाँगमध्ये ‘वर शो आहे, फक्त शंभर बाटची बिअर’ म्हणत माडीवर नेऊन उतरताना हजारोंचं बिल पुढे करणं हा जुना धंदा आहे. असं घडलं तर रिव्ह्यू नंतर. आधी पर्यटक पोलिसांचा 1155.

‘नको’ म्हटल्यावर काय झालं

एका बिअरवर तासभर बसू दिलं का? नको म्हटल्यावर बाई हसून उठून गेली, की दर पाच मिनिटांनी कुणीतरी येत राहिलं? भारतीय गट पाहून दारातच अडवलं का? बिलात चूक दाखवल्यावर मॅनेजरनं दुरुस्त केली का? मला विचाराल तर नाच कसा होता यापेक्षा पुढच्याला याच उत्तरांची गरज जास्त असते.

बाईबद्दल काय लिहायचं

कमी. अनेक बारमध्ये नाचणाऱ्यांच्या कपड्यांवर नंबरचा बिल्ला असतो आणि आपले बहाद्दर ‘अमुक नंबरची मागा’ असं लिहून मोकळे होतात. त्या नंबरानं ती ओळखू येते. नंबर, नाव, गोंदण, तिनं सांगितलेलं गाव, मुलाबाळांची गोष्ट, यातलं काहीच टाकू नका. तिच्या शरीराचं माप घेत बसू नका. ती कामात नीट होती, दर आधी सांगितला, गाणं पूर्ण होईपर्यंत नाचली, एवढं पुरे. कुणी अल्पवयीन वाटलं किंवा जबरदस्तीचा संशय आला, तर ती बाब रिव्ह्यूची नाही, पोलिसांची आहे.

इकडे असं ठिकाण कुठे, असं विचारणारे निघतातच, म्हणून जाता जाता: महाराष्ट्रात 2016 च्या कायद्यानं बारमधल्या अश्लील नृत्याला बंदी आहे. 17 जानेवारी 2019 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं त्यातल्या बऱ्याच अटी काढल्या, टिप द्यायला मुभा दिली, पण नोटा उधळायला नाही.

लिहायचं दुसऱ्या दिवशी

रात्री दोनला, घशात दारू आणि डोक्यात बिल असताना टाइप करू नका. सकाळी चिठ्ठ्या समोर घ्या. स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव वेगळं ठेवा. ‘सगळ्यांनाच लुटतात’ हे तुम्हाला कुठून कळलं? तारे सगळ्यात शेवटी द्या. नमुन्यादाखल, आकडे मनाचे:

‘शुक्रवार, रात्री 10, आम्ही चौघे. गाइडनं नेलं. प्रवेश फुकट. बिअर 180 बाट, लेडी ड्रिंक 250, दोन्ही दर मेन्यूवर. चार बिअर, दोन लेडी ड्रिंक, एकूण 1,220. आधी एक बिअर जास्त लावली होती, दाखवल्यावर लगेच काढली. नको म्हटल्यावर कुणी त्रास दिला नाही. आवाज फार, बोलणं अशक्य. सिगारेटचा धूर. घंटा दारालगत डाव्या हाताला, पाटी नाही. तीन तारे.’