नवी मुंबईत भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? आधी खिडक्या मोजा

कर्ज किती झेपेल, वन बीएचके की टू, हे तुमचं ठरलेलं असेलच. कागदांचं थोडक्यात सांगतो: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला मिळालेली अधिकृत परवानगी, नसेल तर पुढे बोलूच नका. गावठाणातली बिनपरवानगी इमारत कितीही स्वस्त पडली तरी नकोच. जमीन सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्याची असेल, तर हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते टोकन देण्याआधी लिहून घ्या.

घोडं अडतं ते भाग निवडताना. २०१४ साली मी खारघरमध्ये तळोज्याच्या बाजूच्या सेक्टरात फ्लॅट घेतला. एजंट म्हणाला, "मेट्रो आली की भाडं दुप्पट, दोन वर्षं थांबा फक्त." बेलापूर-पेंधर मेट्रो धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. तोवर हप्ता न चुकता जात होता, आणि माणसं फ्लॅट बघायची, स्टेशनपर्यंत रिक्षाला किती पडतात ते विचारायची आणि परत फोन करायची नाहीत. पहिल्याच वर्षात सात महिने कुलूप. भाडेकरू पुढे होणाऱ्या पुलाचे पैसे आज देत नाही. विकणारा मात्र किमतीत तो आधीच धरतो. उलव्यात कुणी विमानतळ नि अटल सेतू दाखवून दर सांगू लागला, तर त्याला आजचं भाडं विचारा.

आता मी काय करतो ते सांगतो. मंगळवारी-बुधवारी रात्री नऊला त्या सेक्टरात जाऊन उभा राहतो आणि उजेड असलेल्या खिडक्या मोजतो. रविवारी दुपारी साइट बघून काही कळत नाही. अर्ध्या इमारतीत अंधार असेल, तर तिथे राहणारे कमी आणि माझ्यासारखे वाट बघणारे जास्त. मग वॉचमनशी गप्पा: टँकर येतो का, गेल्या महिन्यात किती टेम्पो सामान घेऊन आले, किती गेले. सकाळी आठला तिथून स्टेशनपर्यंत चालत जायचं, गाडीने नाही. वाटेत सायन-पनवेल हायवे ओलांडावा लागत असेल तर तेही करून बघा.

भाड्याचा खरा आकडा काढायला दोन एजंटांना फोन करा. एकाला सांगा, भाड्याने घर हवंय. दुसऱ्याला सांगा, घर द्यायचंय. दोन आकड्यांतला लहान तो खरा.

समजा फ्लॅट ६० लाखांचा, भाडं १६,०००. जाहिरातीतला हिशोब १.९२ लाखांचा, म्हणजे ३.२ टक्के. पण एक महिना रिकामा धरा, वर्षाचा मेंटेनन्स ३६,०००, मालमत्ता कर ८,०००, एजंटला एक भाडं. हातात उरतात १.१६ लाख, दोन टक्केही नाहीत. रंगकाम अजून धरलेलंच नाही. हा आकडा बघूनही घ्यायचा असेल तर खुशाल घ्या.

करार सोपा आहे. ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, तोही नोंदणीकृतच; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये तशी सक्ती आहे, नुसती नोटरी चालत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर गेलं तर सचिवांना शासनाचा आदेश दाखवा. मला दोनदा दाखवावा लागला.