दिव्यांग प्रमाणपत्र आणि अनुदान: एजंटाच्या हाती फाइल देण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक दिव्यांग व्यक्तींना प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, यावे लागते. चंदगड किंवा शाहूवाडीहून एसटीने आलेल्या, कागदपत्रांच्या नावानेच भांबावलेल्या माणसाला ‘तुम्ही निवांत घरी जा, मी सगळं करून देतो’ असे कोणी म्हटले की तो निर्धास्त होतो आणि फसवणुकीला तिथेच सुरुवात होते.

सर्वांत महागात पडणारी चूक दिसायला अगदी किरकोळ असते. ती म्हणजे ऑनलाइन अर्जात स्वतःऐवजी एजंटाचा मोबाइल क्रमांक देणे. वैश्विक ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडीचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर विनाशुल्क भरता येतो. मात्र त्याचे ओटीपी आणि पुढचे संदेश नोंदवलेल्या क्रमांकावरच जातात. माझ्या मावसभावाचा अर्ज असाच भरला गेला होता. तपासणीचा निरोप एजंटाकडे पोहोचला आणि त्याने तो पुढचे पैसे मिळेपर्यंत दाबून ठेवला. म्हणून अर्ज सेवा केंद्रात भरून घेतला, तरी क्रमांक स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्यावा, नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, पोच पावती मागून घ्यावी आणि मूळ कागद कोणाकडेही ठेवू नयेत. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच लिहावी.

‘टक्केवारी वाढवून देतो’ हे आमिष याहून घातक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केलेली असून बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्क्यांची अट असते. त्यामुळे ३५ टक्के मिळालेल्या माणसाची तगमग मी समजू शकतो. परंतु टक्केवारी ठरवण्याचा अधिकार केवळ प्राधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्यांना आहे, आणि खोट्या प्रमाणपत्राच्या आधारे लाभ घेतल्यास याच कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एजंट निसटतो आणि प्रमाणपत्रावर नाव मात्र आपले असते.

कार्ड आले की पैसे आपोआप सुरू होतात, हा समजही चुकीचा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. दिव्यांग अर्जदाराचे वय १८ ते ६५ च्या दरम्यान, दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते; शिवाय महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य हवे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम दरमहा २,५०० रुपये झाली आहे. अनुदान मंजूर होऊनही रक्कम दिसत नसेल, तर आधार नेमके कोणत्या बँक खात्याशी जोडले आहे, हे आधी तपासावे. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यावर जाते, आणि ते खाते कधीतरी उघडून विसरलेले असू शकते. दरवर्षीचा हयातीचा दाखला राहिला असेल, तर तोही लगेच द्यावा.

वाढीव अनुदान सुरू करण्यासाठी ओटीपी सांगा, मोबाइलवर पाठवलेली एपीके फाइल (अॅप बसवणारी फाइल) उघडा किंवा आधी ‘प्रोसेसिंग फी’ भरा, असे कोणी सांगितले तर फोन ठेवावा आणि तहसील कार्यालयात स्वतः चौकशी करावी. पैसे गेलेच, तर संकोचात वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढे वळती होण्याआधी रोखली जाण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच सर्वाधिक असते.

प्रमाणपत्र नाकारले गेले किंवा टक्केवारी कमी वाटली, तर पुष्कळजण तिथेच थांबतात अथवा एजंटाकडे वळतात, आणि याचे मला सर्वाधिक वाईट वाटते, कारण कायद्याने ९० दिवसांत अपील करण्याचा हक्क दिलेला आहे. नकाराचे कारण लेखी मागावे, जुने तपासणी अहवाल, शस्त्रक्रियेचे कागद आणि उपचाराच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून त्यांच्या झेरॉक्स प्रती अपिलाला जोडाव्यात आणि अर्जाच्या आपल्याकडील प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.