घरात कोणी जेवण सोडलं असेल तर "कोणामुळे झालं" हे कसं शोधायचं, आणि कुठं थांबायचं

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. नागपूरचा मे म्हणजे कूलरमध्ये पाणी भरता भरता जीव जातो, आणि माझी भाची स्वेटर घालून बसलेली, वर म्हणते मावशी कूलर बंद कर ना गं. 17 वर्षांची पोरगी, नीटचा क्लास, नेहमी पहिल्या पाचात. पोळीचे इतके बारके तुकडे करायची की अर्ध्या तासानं बघावं तर ताटात पोळी तेवढीच. ताई म्हणे अभ्यासाचं टेन्शन, भाऊजी म्हणे मोबाईल, आजी म्हणे नजर लागली, आणि आधी ज्या डॉक्टरांकडे नेलं ते म्हणाले आजकाल मुली डायटिंग करतातच, होईल बरी. यात तीन महिने गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून ज्यांच्या घरी असं काही सुरू आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिली आहे.

पहिलं काम म्हणजे घरातलं भांडण थांबवा. तू तिला जाडी म्हणालास, तूच मार्कांच्या मागे लागलीस, हे आमच्याकडे रोज चालायचं. वजन वाढेल या भीतीनं खाणं सोडत जाण्याच्या या आजाराला अॅनोरेक्सिया म्हणतात, त्यावर जुळ्यांचे जे अभ्यास झाले (एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांची तुलना करतात) त्यात आनुवंशिकतेचा वाटा बहुतेक 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास निघतो. आता हा आकडा नीट वाचा, कारण आमचा इथेच घोळ झाला, ताईला वाटलं आईकडून मुलीला यायचा चान्स 60 टक्के. तसं नाहीये. माणसामाणसात या आजाराच्या धोक्याचा जो फरक दिसतो त्यातला साधारण अर्धा फरक जीन्समुळे, एवढाच त्याचा अर्थ, एकट्या मुलीबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

दुसरं, नेटवर "जीन सापडला" अशी बातमी दिसली की किती लोकांवर अभ्यास होता ते आधी बघा. 2019 मध्ये नेचर जेनेटिक्स या विज्ञानाच्या मासिकात मोठा अभ्यास आला, 16,992 अॅनोरेक्सियाचे पेशंट आणि तुलनेला 55,525 इतर लोक, त्यात जीनोममधल्या (म्हणजे माणसाच्या सगळ्या आनुवंशिक माहितीतल्या) 8 जागा सापडल्या, आणि प्रत्येक जागेचा परिणाम अगदी थोडा थोडा. म्हणजे एकच एक जीन असा नाहीच. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच, या आजाराचं जेनेटिक नातं ओसीडी (तेच ते विचार येणं, तीच ती कृती करत राहणं), डिप्रेशन, चिंता यांच्याशी तर आहेच पण शरीराच्या मेटाबॉलिझमशी (शरीर अन्न कसं वापरतं त्याच्याशी) पण आहे. म्हणजे "नुसता डोक्याचा आजार" म्हणणं चूक आणि "नखरे" म्हणणं तर त्याहून चूक. हे सगळे लोक युरोपीय वंशाचे होते हेही ध्यानात ठेवा, आणि यावरून घरी थुंकी पाठवून टेस्ट करायच्या किटवर पैसे घालू नका, त्यातून तुमच्या मुलीबद्दल काही ठरत नाही.

त्यापेक्षा फुकटचं काम करा. एक कागद घ्या आणि दोन्हीकडच्या घरात कोणाला चिंतेचा त्रास, डिप्रेशन, सारखं हात धुण्यासारखी सवय, कोणी तरुणपणी जेवण सोडलं होतं, ते लिहा. आजीला विचारा, आजीला सगळं ठाऊक असतं. आमच्या आजीनं सांगितलं की तिची नणंद लग्नाआधी दोन वर्षं "उपवासच करायची", देवाचं आहे म्हणून कोणी काहून विचारलं नाही. हा कागद पुढच्या डॉक्टरांनी शांतपणे पूर्ण वाचला. आपल्याकडे उपवासाआड हा आजार छान लपतो, सोमवार झाला की गुरुवार, मग चतुर्थी, आणि घरचे वरून कौतुक करतात.

मनाच्या बाजूनं काय बघायचं, तर आजाराच्या आधीपासून काय होतं आणि उपाशी राहिल्यावर काय सुरू झालं हे वेगळं करा. परफेक्शनिझम, लहानपणापासूनची चिंता, एकदा ठरवलं की न बदलणं, हे आधीचं असू शकतं. आमची भाची दुसरीत असताना एक अक्षर वाकडं गेलं की पान फाडायची. पण चिडचिड, एकटं बसणं, दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघणं, हे उपाशीपणातूनही येतं. अमेरिकेत मिनेसोटाला 1944-45 मध्ये अॅन्सेल कीज या संशोधकानं 36 धडधाकट पुरुषांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं, त्यांना जेवणाशिवाय काही सुचेना, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, उन्हाळ्यातही थंडी वाजायची. हे वाचलं तेव्हा मला तो स्वेटर आठवला. म्हणून आधी पोटात अन्न जाऊ दे, उपाशी डोक्याला समजावून काही उपयोग होत नाही.

मोबाईलचा संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. फिजी या बेटांच्या देशात एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला, अॅन बेकर या संशोधक बाईंनी शाळकरी मुलींना विचारलं तेव्हा मुद्दाम उलटी करणाऱ्या आधी शून्य होत्या आणि 1998 मध्ये 11.3 टक्के. पण टीव्ही सगळ्याच मुलींनी बघितला आणि उलट्या काहींनीच सुरू केल्या. तयारी आत असते, ठिणगी बाहेरून पडते. हेच मुलग्यांनाही होतं, जिमच्या नावाखाली चाललेलं असतं आणि कोणाच्या मनातही येत नाही.

आता ताटापाशी. सोबत बसा, कॅलरी वजन हे शब्द जेवताना काढू नका, "बघ किती छान दिसून राहिली" हेही नको, तिला ते जाड झालीस असं ऐकू येतं. जेवणाचा प्लॅन डॉक्टर आणि डाएटिशियनचा, आईबाबांनी तो निभवायचा, लहान वयात कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचाराला चांगला आधार आहे. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालू नका, रक्तातले क्षार बिघडून जीवावर बेततं. चक्कर येऊन पडली, छातीत धडधड, नाडी फारच मंद, तर थेट इमर्जन्सीला न्या. एरवी नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी दवाखान्यांमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि रात्री दोन वाजता घाबरलात तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा 14416 नंबर लावा, चोवीस तास सुरू असतं, मराठीत बोलता येतं, फोन करताना तो कागद हाताशी ठेवा.