रेसिंग गाडीचे बॉडीवर्क आणि चालकापुढचा डॅश : नव्या विद्यार्थ्यांसाठी अनुभव

बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग गाडी बनवण्याची स्पर्धा) गाडीच्या संघात नव्याने येणारा विद्यार्थी बहुधा संगणकावर गाडीचे देखणे नाक, म्हणजे पुढचे टोक, काढण्यापासून सुरुवात करतो. त्याआधी त्याने उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक भागातल्या एखाद्या पॅटर्नच्या (ओतकामासाठी वाळूत ठसा उमटवणाऱ्या नमुन्याच्या) दुकानात काही दिवस जावे, असा माझा आग्रह आहे. ओतकामाचा पॅटर्न वाळू न मोडता बाहेर निघावा म्हणून तिथले कारागीर त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार देतात, आणि फायबरग्लासचे नाक साच्यातून अखंड सुटण्यासाठीही तसाच उतार लागतो. आकार आत वळत असेल तर साचा दोन भागांत करावा लागतो व जोडाची रेघ कुठे येणार हे आधीच ठरवावे लागते. मराठी आणि कन्नड मिसळून बोलणाऱ्या त्या कारागिरांनी हे मला हाताने दाखवले, आणि त्यानंतरच माझी ड्रॉइंग सुधारली.

काही बंधने स्पर्धेचे नियमपुस्तकच घालते. नाकाच्या पुढे येणाऱ्या कडांची त्रिज्या किमान ३८ मिलिमीटर असावी लागते, कारण गाडी कोणावर आदळली तर धारदार कड जीवघेणी ठरेल.

स्पर्धा कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर हिवाळ्यात असेल, तर साच्याचे काम आपल्याकडच्या मुसळधार पावसात येते. दमट मॅटवर (काचतंतूंच्या चटईवर) रेझिन (तंतू जोडणारा चिकट द्रव) नीट चढत नाही आणि थंड हवेत ते हळू घट्ट होते. म्हणून खोली कोरडी व उबदार ठेवावी, पण हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) अंदाजाने वाढवू नये, कारण जादा उष्णतेने थर वाकतो किंवा तडकतो. कार्बन फायबरचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. १९८१ च्या मॅकलॅरन एमपी४/१ या फॉर्म्युला वन गाडीत कार्बनची चासी, म्हणजे मुख्य सांगाडाच, भार पेलत होती. नळ्यांच्या चौकटीवरचे आपले आवरण फक्त हवेचा दाब सोसते. त्यापेक्षा पाव फेऱ्यात उघडणारे फास्टनर बसवावेत, म्हणजे पेडल आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरपर्यंत हात लगेच पोहोचतो.

डॅशबाबत, म्हणजे चालकापुढच्या माहितीच्या पडद्याबाबत, माझे मत अधिक ठाम आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २० मीटर पुढे जाते, म्हणजे अर्धा सेकंद खाली पाहिले तर १० मीटर न पाहता गेले. चालकाला वेगाचा आकडा लागत नाही. मध्यभागी मोठा गिअर, वरच्या कडेला गिअर बदलण्याचे दिवे, आणि तेलाचा दाब घसरला किंवा पाणी तापले तर सगळा पडदा व्यापणारी सूचना एवढे पुरते. बाकी आकडे लॉगरमध्ये (नोंद साठवणाऱ्या उपकरणात) जाऊ द्यावेत. डिस्प्ले स्टिअरिंगवर असेल तर कॅन बसच्या (गाडीतल्या उपकरणांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीच्या) दोन तारांवर सगळी माहिती येते. त्या जोडणीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक लावलेले तपासावेत. चालकाला ५ सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे, त्यामुळे कोणतीही तार त्याच्या हातापायांत अडकता कामा नये. पडद्याची चाचणी भर दुपारी, हेल्मेटची काच खाली ओढून, उघड्यावर घ्यावी. प्रयोगशाळेत स्पष्ट दिसणारा पडदा उन्हात फिका पडतो.

पुढे नोकरीच्या मुलाखतीला जाताना संगणकावरच्या चकचकीत चित्रांसोबत (रेंडर) साच्याची छायाचित्रे, प्रत्येक थराची नोंद आणि रंग देण्यापूर्वीचे व नंतरचे वजन लिहिलेली वही न्यावी.