पोटावर रेडिएशन चालू असताना झाडपाल्याचे अर्क घ्यायचे का, कसे घ्यायचे

पोटाला किंवा ओटीपोटाला रेडिएशन सुरू झालं की जवळचं कोणीतरी हळदीच्या कॅप्सूल नाहीतर आवळ्याचा अर्क आणून देतंच. आणणाऱ्याची माया खरी असते, पण बाटली उघडायच्या आधी एवढं वाचा प्लीज.

आतड्याचं आतलं अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं, म्हणजे तिथल्या पेशी सतत वाढत असतात आणि रेडिएशन नेमकं अशाच पेशींना जास्त मारतं, म्हणून साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब आणि कळा सुरू होतात. किरणांमुळे शरीरातल्या पाण्यापासून फ्री रॅडिकल्स, म्हणजे दिसेल त्याला चिकटून मोडतोड करणारे अस्थिर कण, बनतात आणि ते डीएनए तोडतात, अर्कातली अँटिऑक्सिडंट्स त्यांनाच पकडतात. तुळशीतल्या ओरिएंटिन आणि व्हायसेनिन या घटकांनी उंदरांना रेडिएशनपासून वाचवलंय हे खरं, पण तिथे ते रेडिएशनच्या आधी इंजेक्शनने दिलं होतं, आपण पितो तो काढा वेगळा. आणि महत्त्वाचं म्हणजे तेच रॅडिकल्स कॅन्सरच्या गाठीलाही मारत असतात, अर्काचा डोस भारी झाला तर गाठही वाचू शकते!

म्हणून जेवणात पडते तेवढी हळद, आलं चालू द्या, कॅप्सूल आणि अर्क मात्र बाजूला ठेवा. बाटलीच्या मागच्या लेबलचा फोटो काढून रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण हळदीच्या अर्काने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक तर जुलाबाचंच औषध आहे, तो अजिबात नको.

माझा भरवसा त्यातल्या त्यात इसबगोलवर आहे. ते रॅडिकल्स वगैरे काही पकडत नाही, नुसतं पाणी शोषून पातळ शौच घट्ट करतं. डॉक्टर हो म्हणाले की एक चमचा ग्लासभर पाण्यात ढवळायचं आणि लगेच प्यायचं, दोन-चार मिनिटं राहिलं तरी त्याची खळ होते आणि मग ते घशाखाली उतरत नाही. बाकीच्या गोळ्यांमध्ये नि यात दोन तासांचं अंतर ठेवा. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर हेही घ्यायचं नाही.

शौचातून रक्त पडलं, ताप आला, लघवी कमी झाली किंवा उभं राहताना चक्कर आली तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा.